युद्ध संपताना पार्लमेंटमध्ये झालेले भाषण कसे वाचावे

हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरले, की एकाच मंत्र्याचे एकच वाक्य दुसऱ्या दिवशी कन्नड वृत्तपत्रात एका अर्थाने आणि मराठी वृत्तपत्रात दुसऱ्याच अर्थाने छापलेले वाचण्याची सवय बेळगाव भागातील आपल्या सर्वांना आहे. त्या वाक्याआधी कोणी कोणता प्रश्न विचारला होता, मंत्री कोणाला उद्देशून बोलत होते आणि मध्येच कोणी उठून त्यांना अडवले होते काय, याची विचारपूस केल्याशिवाय आपल्याकडचा जाणता वाचक मत बनवत नाही. नवल असे, की हाच वाचक १९४५-४६ सालच्या ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषणांकडे वळला की ही सावधगिरी विसरतो आणि भारतमंत्री ॲमरी किंवा पंतप्रधान ॲटली यांचे एखादे सुटे वाक्य उचलून त्यावर अख्खे व्याख्यान उभे करतो. ही भाषणे संपूर्ण आणि त्यांच्या मूळ जागी ठेवून कशी वाचावीत, याची एक पद्धत पुढे सांगितली आहे. ती मुख्यतः बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील विद्यार्थी, शिक्षक आणि वाचनालयांच्या आधाराने चालणाऱ्या छोट्या अभ्यास मंडळांसाठी आहे.

एक वक्ता, थोडे दिवस

‘युद्धाची अखेर’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. युरोपातील युद्ध ८ मे १९४५ रोजी संपले, जपानने शरणागती पत्करल्याचे १५ ऑगस्टला जाहीर झाले आणि शरणागतीच्या कागदावर सह्या २ सप्टेंबरला झाल्या. या चार महिन्यांत ब्रिटनमधील राजकारण पूर्ण पालटले. २३ मे रोजी युद्धकाळातील सर्वपक्षीय सरकार संपून चर्चिल यांचे काळजीवाहू सरकार आले, १५ जूनला पार्लमेंट विसर्जित झाले, ५ जुलैला मतदान झाले आणि सैनिकांची मते दूरदेशांहून यायची असल्यामुळे निकाल २६ जुलैला लागला. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि ॲटली पंतप्रधान झाले. नव्या पार्लमेंटचे उद्घाटन राजाच्या हस्ते झाले तो दिवस जपानवरील विजयाचाच, म्हणजे १५ ऑगस्टचा होता. त्यामुळे मे महिन्यात बोललेला सदस्य ऑगस्टमध्ये पुन्हा बोलला, तर तो बहुधा सभागृहाच्या दुसऱ्या बाजूला बसून बोलत असतो आणि काही जण तर तोवर सदस्यच उरलेले नसतात.

म्हणून पहिला नियम असा, की एकच वक्ता निवडावा आणि पहिल्या वाचनासाठी एकच दिवस निवडावा. माझी शिफारस लिओपोल्ड ॲमरी यांच्या १४ जून १९४५ च्या निवेदनाची आहे. ॲमरी यांचा जन्म १८७३ साली गोरखपूर येथे झाला. ते बर्मिंगहॅममधील स्पार्कब्रुक मतदारसंघाचे हुजूर पक्षाचे प्रतिनिधी होते आणि मे १९४० पासून जुलै १९४५ पर्यंत भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारताच्या कारभाराचे मंत्री होते. इंग्लंडच्या इतिहासात ते ओळखले जातात ते दुसऱ्याच एका भाषणासाठी. ७ मे १९४० रोजी आपल्याच पक्षाचे पंतप्रधान चेंबरलेन यांना त्यांनी क्रॉमवेलच्या शब्दांत ‘ईश्वराला स्मरून निघून जा’ असे सुनावले होते. आपल्या कामाचे भाषण मात्र पाच वर्षांनंतरचे आहे. ते फार लांब नाही, त्याच्यासोबत श्वेतपत्रिका निघालेली आहे आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय वेव्हेल यांनी दिल्लीहून नभोवाणीवर भाषण केले, त्यामुळे भारताच्या केंद्रीय कारभारात भारतीयांना अधिक वाटा देण्याच्या एकाच योजनेचे तीन पाठ ताडून पाहता येतात. नवशिक्याला याहून चांगला नमुना मिळणे कठीण आहे.

सुरुवात चर्चिल यांच्यापासून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांची भाषा वाचकाला वाहवत नेते आणि भारताविषयीची त्यांची मते आपल्या मनात इतकी पक्की असतात, की वाचक त्यांच्या भाषणातून स्वतःच बरोबर आणलेली गोष्ट घेऊन परत येतो.

भाषण शोधताना

ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजाच्या अधिकृत अहवालाला हॅन्सर्ड म्हणतात. त्याचे जुने खंड आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात आणि भाषण दोन वाटांनी शोधता येते. एक वाट तारखेची आणि दुसरी सदस्याच्या नावाची आहे. नावाची वाट सोपी वाटते, कारण सदस्याच्या पानावर वर्षवार यादीच मिळते, परंतु ती वाट सुटे वाक्य उचलण्याच्या सवयीला खतपाणी घालते. यादीतील दुव्यावर बोट ठेवले, की वाचक थेट त्या सदस्याच्या भाषणात उतरतो आणि आधीची तीन भाषणे त्याच्या नजरेला पडतच नाहीत. म्हणून नावाच्या यादीतून तारीख काढावी आणि नंतर त्या तारखेच्या बैठकीत शिरून विषयाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागावे.

नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये ॲमरी यांच्या जागी पेथिक-लॉरेन्स भारतमंत्री झाले. त्याआधी ते एडिनबरो पूर्वचे प्रतिनिधी म्हणून कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात बोलत, नंतर त्यांना सरदारकी मिळाली आणि ते लॉर्ड्स सभागृहात बोलू लागले. म्हणजे एकाच माणसाची भाषणे दोन सभागृहांच्या खंडांत आणि दोन वेगळ्या संबोधनांखाली विखुरलेली आहेत. मंत्री लॉर्ड्समध्ये गेल्यामुळे कॉमन्समध्ये भारताविषयीच्या प्रश्नांची उत्तरे उपमंत्री आर्थर हेंडरसन देऊ लागले. त्यांच्या वडिलांचे नावही आर्थर हेंडरसनच होते. वडील परराष्ट्रमंत्री होते, त्यांना १९३४ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३५ साली त्यांचे निधन झाले. वडिलांच्या तोंडी मुलाचे १९४६ सालचे वाक्य घालणारा निबंध मी स्वतः तपासलेला आहे.

शोधपेटीत गावांची नावे आजच्या रूपात टाकू नयेत. बेळगावचे अधिकृत इंग्रजी रूप १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, त्यामुळे जुन्या खंडांसाठी जुने इंग्रजी स्पेलिंगच वापरावे लागते. पुण्याचेही तसेच आहे, आणि ‘मराठा’ हा शब्द तर त्या काळच्या लष्करी कागदांत मध्ये ‘ह’ घालून लिहिला जात असे. शिवाय हे खंड छापील पानांवरून यंत्राने वाचून घेतलेले असल्यामुळे भारतीय नावांत अक्षरांची उलथापालथ झालेली आढळते. एखादे नाव सापडले नाही, म्हणजे त्याचा उल्लेखच झाला नाही, असा निष्कर्ष काढू नये.

जांबोटी-कणकुंबीकडच्या वाचकांसाठी एक साधी सूचना अशी, की पाऊस लागण्याआधी हवी ती पाने उतरवून आणि शक्य तर छापून ठेवावीत. जुलै महिन्यात तिथे इंटरनेटच्या भरवशावर अभ्यासवर्ग ठरवणे धाडसाचे असते. छापील प्रतीचा दुसराही फायदा असा, की समासात पेन्सिलीने लिहिता येते.

पहिली ओळ वाचण्यापूर्वी

हॅन्सर्ड हा शब्दन् शब्दाचा अहवाल नाही. पुनरुक्ती गाळायची, उघड चुका दुरुस्त करायच्या, परंतु अर्थाला भर घालणारे किंवा युक्तिवाद स्पष्ट करणारे काहीही सोडायचे नाही, असे त्याचे धोरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठरलेले आहे. म्हणून वक्त्याची अडखळ, आवाजाची चढउतार किंवा रागाने आपटलेला हात त्यात शोधू नये. अडथळे मात्र त्यात येतात. चौकटी कंसात ‘व्यत्यय’ असे दिसले, की थांबावे आणि त्याच्या लगेच आधीचे वाक्य पुन्हा वाचावे, कारण सभागृहाला नेमके काय झोंबले हे तिथेच कळते. युद्धकाळात काही बैठका गुप्तपणे झाल्या आणि त्यांतील भाषणे त्या वेळी या अहवालात आली नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर वक्ता कोणत्या बाकावरून बोलत आहे ते ठरवावे. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष आणि डाव्या हाताला विरोधी पक्ष, ही रचना आपल्या परिचयाची आहे. १४ जून १९४५ च्या बाबतीत मात्र नुसती रचना कळून भागत नाही. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ॲटली हे चर्चिल यांचे उपपंतप्रधान होते, आणि मंत्रिमंडळाच्या ज्या भारतविषयक समितीने वेव्हेल यांची योजना तपासली तिचे अध्यक्षही तेच होते. स्वतः वेव्हेल मार्चच्या अखेरीपासून जूनच्या आरंभापर्यंत लंडनमध्ये बसून या योजनेसाठी झगडत होते. म्हणजे ॲमरी निवेदन वाचत होते तेव्हा समोरच्या बाकांवरील नेत्यांना ती योजना आतून ठाऊक होती. हे माहीत नसलेल्या वाचकाला त्या दिवशीची विरोधी पक्षाची सौम्यता भारताविषयीच्या उदासीनतेसारखी वाटते, आणि माहीत असलेल्याला ती आपल्याच हाताने शिजवलेल्या पदार्थाला नावे न ठेवण्यासारखी वाटते.

दिवसाचा संदर्भही असाच बोलका आहे. पार्लमेंट दुसऱ्याच दिवशी विसर्जित होणार होते. हे सभागृह नोव्हेंबर १९३५ मध्ये निवडून आलेले होते आणि युद्धामुळे त्याची मुदत वाढत वाढत दहा वर्षांच्या घरात गेली होती. कॉमन्सची स्वतःची वास्तू मे १९४१ मधील बॉम्बवर्षावात जळून गेल्यामुळे हे प्रतिनिधी लॉर्ड्सच्या दालनात बसत होते. घर दुसऱ्याचे, मुदत संपलेली आणि निवडणूक दाराशी आलेली, अशा अवस्थेतील सभागृहाने कोट्यवधी लोकांच्या राज्यकारभाराविषयीचे निवेदन ऐकले, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच वाचायला बसावे.

मराठी शब्द जिथे फसवतात

कॉमन्समध्ये सदस्याचा उल्लेख नावाने न करता मतदारसंघाने करतात, आणि त्या उल्लेखाला जोडलेली विशेषणे ही केवळ सौजन्याची भर नसते. ‘माननीय मित्र’ म्हटले की तो आपल्याच पक्षाचा असतो. ‘अति माननीय’ हे विशेषण प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाच्या सदस्याला, म्हणजे साधारणतः आजी-माजी मंत्र्यांना लागते. ‘विद्वान’ म्हणजे वकील आणि ‘शूर’ म्हणजे सैन्यातील अधिकारी. १९४५ च्या सभागृहात कितीतरी तरुण सदस्य मेजर, कॅप्टन अशा हुद्द्यांसह बसलेले होते, त्यामुळे हा ‘शूर’ शब्द पदोपदी भेटतो. त्याचा अनुवाद करताना वक्ता समोरच्याच्या पराक्रमाचे कौतुक करीत आहे, असा भास होऊ देऊ नये. ‘विद्वान मित्र’ हे तर अनेकदा टोमण्याच्या आधीचे शब्द असतात, आणि तो टोमणा आपल्या न्यायालयांत वावरलेल्या कोणालाही चटकन कळेल.

सर्वांत जास्त फसवणूक ‘तहकुबी’ या शब्दाने होते. आपल्या विधिमंडळांत तहकुबीची किंवा स्थगनाची सूचना म्हणजे सरकारला कोंडीत पकडण्याचे विरोधकांचे हत्यार असते. कॉमन्समध्ये ‘हे सभागृह आता तहकूब व्हावे’ हा प्रस्ताव पुष्कळदा सरकारच्याच संमतीने मांडला जातो, आणि त्याचा हेतू एवढाच असतो, की कोणत्याही ठरावाच्या शब्दांत अडकून न पडता एखाद्या विषयावर मोकळी चर्चा व्हावी. मी एकदा व्याख्यानमालेत अशाच एका चर्चेचे वर्णन ‘विरोधकांनी स्थगन प्रस्ताव आणून सरकारला धारेवर धरले’ असे केले होते. व्याख्यान संपल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी मला बाजूला घेऊन, चर्चेच्या शेवटी मतदान का झाले नाही, एवढाच प्रश्न विचारला आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

‘पुरवठा’ हा दुसरा शब्द. चर्चेच्या मथळ्यावर तो दिसला, की धान्य किंवा दारूगोळा असे काही डोळ्यांपुढे येते, परंतु तिथे त्याचा अर्थ खर्चाच्या मागण्या असा आहे. त्या मागण्यांच्या निमित्ताने भारताच्या कारभारावर तासन्‌तास बोलता येत असे. ‘विभागणी’ म्हणजे मतविभागणी, हे आपल्याला ठाऊकच आहे.

ॲमरी यांचे निवेदन, बेळगावातून वाचताना

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. निवेदनाचा गाभा असा, की व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात स्वतः व्हाइसरॉय आणि सरसेनापती वगळता सर्व सदस्य भारतीय असावेत, त्यांत सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांचे प्रमाण समान असावे, परराष्ट्र व्यवहाराचे खाते भारतीय सदस्याकडे जावे आणि ब्रिटनचे व्यापारी व इतर हितसंबंध पाहण्यासाठी स्वतंत्र उच्चायुक्त नेमावा. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स यांनी आणलेला देकार कोणताही बदल न करता कायम आहे, असेही त्यात सांगितले आहे. या मंडळात येणाऱ्यांनी जपानविरुद्धच्या युद्धाला शेवटपर्यंत मनापासून साथ द्यावी, ही अपेक्षाही त्यात आहे. शेवटचे वाक्य हलकेच वाचून पुढे जाऊ नये. जूनमध्ये कोणालाही जपानचे युद्ध दोन महिन्यांत संपेल असे वाटत नव्हते. रंगून नुकतेच मे महिन्याच्या आरंभी परत घेतलेले होते आणि पुढे लांबलचक मोहीम दिसत होती. हिरोशिमा आणि नागासाकी ठाऊक असलेल्या वाचकाने ती माहिती थोडा वेळ बाजूला ठेवून हे निवेदन वाचले, तरच त्यातील घाई कशाची आहे ते उलगडते.

बेळगावकराला यातील युद्धाचा उल्लेख परका वाटू नये. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या छावणीत आहे. याच पलटणीचे नामदेव जाधव यांनी इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी जो पराक्रम गाजवला आणि ज्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याला या निवेदनाच्या वेळी जेमतेम दोन महिने झाले होते. सुमारे पंचवीस लाखांचे भारतीय सैन्य युद्धात उतरलेले असताना ‘साथ द्यावी’ असे कोणाला सांगितले जात आहे, हा प्रश्न समासात लिहून ठेवण्यासारखा आहे.

दुसरी खूण ‘कलम ९३ चे प्रांत’ या शब्दांवर करावी. १९३५ च्या कायद्यातील या कलमाखाली, मंत्रिमंडळ चालत नसेल तेव्हा गव्हर्नर सर्व कारभार स्वतःकडे घेऊ शकत असे. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिल्यापासून मुंबई प्रांत या कलमाखाली होता आणि बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतात होता. म्हणजे केंद्रात सहकार्य झाले तर कलम ९३ च्या प्रांतांतही मंत्रिमंडळे परत येतील आणि ती शक्यतो संयुक्त असावीत, अशी आशा ॲमरी व्यक्त करतात, तेव्हा ते आपल्या आजोबा-पणजोबांविषयी बोलत असतात. त्या वेळेपर्यंत साडेपाच वर्षे या जिल्ह्याला निवडून दिलेले सरकार नव्हते. ते मिळाले ते १९४६ च्या निवडणुकांनंतर, आणि तेही या योजनेमुळे नव्हे.

तिसरी खूण संस्थानांवर. या प्रस्तावांमुळे संस्थाने आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्या संबंधांत काहीही फरक पडणार नाही, असे निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. अभ्यास मंडळात हे वाक्य वाचताना बेळगाव आणि शहापूर यांचा नकाशा समोर ठेवावा. शहापूर हे तेव्हा सांगली संस्थानात होते आणि बेळगाव ब्रिटिश मुलखात होते. एका वेशीवरून दुसऱ्या वेशीवर जाताना माणूस या वाक्याच्या आतून बाहेर पडत असे. लंडनमध्ये कायद्याच्या सफाईसाठी लिहिलेली ओळ जमिनीवर कशी दिसते, हे समजण्यासाठी दिल्ली-मुंबईची उदाहरणे शोधण्याची गरज आपल्याला नाही.

यानंतर वेव्हेल यांचे त्याच दिवशीचे नभोवाणीवरील भाषण शेजारी ठेवून ओळीओळीने ताडावे. आपल्या घटनात्मक नियंत्रणाच्या अधिकाराचा वापर करणार नाही असे गव्हर्नर-जनरल मान्य करू शकत नाही, मात्र तो वापर अवाजवी रीतीने केला जाणार नाही, असे वेव्हेल यांनी सांगितले. हीच गोष्ट ॲमरी कोणत्या शब्दांत आणि निवेदनाच्या कोणत्या टप्प्यावर सांगतात, ते प्रत्येकाने स्वतः शोधून लिहावे. सभागृहाला सांगताना आणि भारतातील श्रोत्यांना सांगताना एकाच अधिकाराची मांडणी कशी होते, हे पाहण्यासाठी एक संध्याकाळ खुशाल खर्च करावी.

मग पुढे काय झाले ते पाहावे, आधी नाही. काँग्रेस कार्यकारिणीच्या बंदिवानांची दुसऱ्याच दिवशी सुटका झाली, २५ जूनला सिमल्यात परिषद भरली आणि मुसलमान सदस्य कोणी नेमायचे यावर अडून १४ जुलैला ती फसली. ॲमरी त्याच महिन्यात निवडणूक हरले. परिषद फसली हे आधीच मनात धरून निवेदन वाचणारा वाचक त्यात केवळ फसण्याच्या खुणा शोधत राहतो.

मागच्या बाकावरचा माणूस

मंत्र्यांचे भाषण वाचून झाल्यावर त्याच काळातील एखाद्या साध्या सदस्याकडे वळावे. रेजिनाल्ड सोरेन्सन हे त्यासाठी उत्तम आहेत. ते लेटन पश्चिमचे मजूर पक्षाचे प्रतिनिधी होते, युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते, शांततावादी होते आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या लंडनमधील इंडिया लीगच्या कार्याशी जोडलेले होते. त्यांची लांब भाषणे बाजूला ठेवून आधी त्यांचे प्रश्न वाचावेत. राजकीय कैद्यांविषयी ते वारंवार विचारतात. मंत्री एका ओळीत उत्तर देतो, सोरेन्सन पुरवणी प्रश्न विचारतात, मंत्री आणखी थोडे बोलतो, आणि खरी माहिती पुष्कळदा या तिसऱ्या-चौथ्या ओळीत बाहेर येते. जुलै १९४५ च्या अखेरीस त्यांचाच पक्ष सत्तेवर आला आणि ज्यांना ते प्रश्न विचारत ते आता स्वपक्षीय झाले. जुलैपूर्वीचे पाच आणि ऑगस्टनंतरचे पाच प्रश्न शेजारी मांडले, तर सत्ताधारी बाकावर बसलेला टीकाकार आपले शब्द कसे निवडतो ते पाहता येते. १९४६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रॉबर्ट रिचर्ड्स यांच्या नेतृत्वाखाली दहा जणांचे जे संसदीय शिष्टमंडळ भारतात आले, त्यातही ते होते. म्हणून त्यांचे त्यानंतरचे बोलणे वेगळे काढून वाचावे, कारण ते डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाचे बोलणे आहे.

ॲटली यांचे अर्धे वाक्य

या सर्व काळजीची कसोटी एका उताऱ्यावर लागते. १५ मार्च १९४६ रोजी, सत्तांतराची बोलणी करणारे ब्रिटिश मंत्र्यांचे कॅबिनेट मिशन भारतात पोहोचण्यास आठवडाभर उरलेला असताना, ॲटली यांनी कॉमन्समध्ये भाषण केले. १९४६ सालचे तापमान हे १९२० चे, १९३० चे किंवा १९४२ चेही तापमान नाही, असे त्यांनी त्यात म्हटले. भारताने स्वातंत्र्य निवडले तर तसा त्याला अधिकार आहे, हेही म्हटले. आणि अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांच्या प्रगतीवर नकाराधिकार गाजवू देता येणार नाही, हे त्यांचे प्रसिद्ध वाक्यही याच भाषणातले. हॅन्सर्डच्या पाचव्या मालिकेचा खंड ४२० उघडून पाहिला, तर या वाक्याच्या लगेच आधी दुसरे वाक्य आहे: अल्पसंख्याकांच्या हक्कांची आम्हाला जाणीव आहे आणि त्यांना निर्भयपणे जगता आले पाहिजे. दोन्ही वाक्ये एका श्वासात आलेली आहेत. कोणी पहिले उचलतो, कोणी दुसरे, आणि दोघेही ॲटली यांचाच दाखला देतात.

सीमाभागातील वाचकाला इथे आणखी एक मोह होतो, आणि तो मी अनेक सभांत पाहिला आहे. आपण कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक आहोत. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्या १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा सगळा इतिहास पाठीशी असल्यामुळे ‘अल्पसंख्याक’ हा शब्द दिसताच आपण तो स्वतःला लावून घेतो. ‘निर्भयपणे जगता आले पाहिजे’ हे वाक्य तर फलकावर लिहावे इतके सोयीचे वाटते. भारतात नाना वंश, धर्म आणि भाषा आहेत, असे ॲटली त्याच भाषणात म्हणतात, त्यामुळे हा मोह अधिकच बळावतो. परंतु त्या दिवशी सभागृहापुढे असलेला वाद मुस्लिम लीगच्या मागणीचा आणि भावी राज्यघटनेचा होता. भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न तिथे चर्चेला नव्हता. आपला प्रश्न खरा आहे म्हणून ॲटली त्यावर बोलले होते असे होत नाही, आणि आपली बाजू मांडण्यासाठी त्यांना साक्षीला उभे केले तर समोरचा पहिलाच जाणकार कन्नड वाचक हॅन्सर्ड उघडून आपल्याला गप्प करील. त्याने दुसरे वाक्य काढून आपल्याविरुद्ध वापरले, तर तोही तितकाच चुकेल, हे अलाहिदा.

अनुवाद आणि नोंद

मराठीत उतरवताना आधी शब्दांची एक छोटी यादी करावी आणि ती शेवटपर्यंत बदलू नये. ‘स्वशासन’, ‘वसाहतीचे स्वराज्य’ आणि ‘स्वातंत्र्य’ हे तीन शब्द इंग्रजीत तीन वेगळ्या शब्दांसाठी येतात आणि १९४२ ते १९४६ या काळातील सगळी ओढाताण त्यांच्यातील अंतरावरच चाललेली आहे. तिन्हींसाठी ‘स्वराज्य’ लिहिणारा अनुवाद वाचायला गोड लागतो, पण निरुपयोगी ठरतो. लांब इंग्रजी वाक्य तोडायला हरकत नाही, मात्र ‘जर’, ‘शक्यतो’, ‘दरम्यानच्या काळात’ असे मर्यादा घालणारे शब्द तोडीच्या कोणत्याही तुकड्यातून गळू देऊ नयेत. मंत्र्याचे खरे धोरण पुष्कळदा याच शब्दांत दडलेले असते.

प्रत्येक उताऱ्याखाली सभागृह, तारीख, खंड आणि स्तंभ यांची नोंद करावी. हॅन्सर्डच्या पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक पानाला नसून स्तंभाला असतो, त्यामुळे नुसता पृष्ठ क्रमांक लिहिला तर शोधणाऱ्याला काही सापडत नाही. मालिका लिहायलाही विसरू नये, कारण नवी मालिका सुरू झाली की खंडांचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजले जातात.

शेवटी जुनी मराठी वृत्तपत्रे जिथे जपलेली असतील तिथे त्या आठवड्याचे अंक मागवून पाहावेत. लंडनची बातमी तेव्हा वृत्तसंस्थांच्या तारेने संक्षिप्त होऊन येई आणि संपादक ती आणखी कापून छापत असे. हॅन्सर्डमधील निवेदनाची छापील प्रत डावीकडे आणि १५-१६ जून १९४५ च्या अंकातील बातमी उजवीकडे ठेवून, बातमीत आलेल्या प्रत्येक वाक्याखाली डावीकडच्या प्रतीत रेघ ओढावी. मंडळाच्या पहिल्या बैठकीला एवढे काम पुरते. दुसऱ्या बैठकीत रेघ न ओढलेली वाक्ये एकाने मोठ्याने वाचावीत आणि ती कापली का गेली असतील यावर बाकीच्यांनी बोलावे.